पेर

माग भंगारात गेले
तेव्हा फरशीवर त्यांच्या पायांचे डाग तेवढे राहिले,
तेलाचे, चौकोनी, आठ.
फिनेलनं निघाले नाहीत.

वरच्या मजल्यावरच्या शिवलीला मॅडम, माहेर बैलहोंगल,
रायचूरला बदली झाली तशा
हॉर्लिक्सच्या बाटलीत एक वेल घेऊन खाली आल्या.
टेम्पोत कपाट, सिलिंडर, दोन गाद्या,
हिला जागा नव्हती.
"नीर भाळ हाकब्याड्री," म्हणाल्या,
आणि मला कळलं नसेल असं वाटून पुन्हा,
"पाणी लई घालू नका. त्यानंच मरतंय."

कळलं होतं.
वडगावात सूत एका भाषेत उधार मिळतं
आणि दुसऱ्या भाषेत वसूल होतं.

वेल म्हणजे काय, चार पानं.
एकावर पिवळा शिंतोडा,
रंगाऱ्यानं जाता जाता हात झटकल्यासारखा.
पाहुण्याला पुढची खुर्ची द्यावी
तशी मी तिला खिडकीत, थेट उन्हात बसवली;
दोन दिवसांत पान करपलं.
मग आत नेली, फारच आत,
तर नवं पान निघालं नुसतं हिरवं.
अंधारात नक्षी परवडत नाही.
हे मला ठाऊक असायला हवं होतं:
गिऱ्हाईक घटलं की आधी काठच साधा होतो.

शेवटी जिथं दुसरा माग होता, तिथं.
झरोक्याचा उजेड तिथं पडत नाही,
नुसता असतो.

पाणी मात्र मी घातलंच.
हात रिकामे होते.
एक पान पिवळं झालं, मग त्याच्या खालचं.
अक्काताई फॉल लावता लावता म्हणाली,
"काय करूलाय त्या झाडाला? झोपू दे की त्याला."
आता दुसऱ्या कांड्यापर्यंत बोट मातीत घालतो.
कोरडं लागलं तरच तांब्या.
सुतानं कापून कापून बोट बधिर झालंय,
ओल कळायला तेवढा वेळ लागतो.
तो वेळ वेलीला बरा पडतो.

मागावर धागा तुटला की गाठ मारायची,
इतकी बारीक, की दुकानदाराच्या नखाला लागू नये.
लागली, तर तागा परत.
चाळीस वर्षं मी गाठी लपवल्या.

म्हणून वेल कापायची वेळ आली
तेव्हा हात आपोआप गाठी चुकवून गेला,
दोन पेरांच्या मधला गुळगुळीत तुकडा.
तीन आठवडे पाण्यात ठेवला.
पाणी गढूळलं, वास आला, मूळ नाही.
फोनवर मॅडम हसल्या.
"गंट इल्लंद्र बेर बरंगिल्री."
गाठ नसेल तर मूळ येत नाही.

फोन ठेवून बाटली उजेडाला धरली.
प्रत्येक पानाच्या बुडाशी एक पेर,
पेराला एक तपकिरी फोड,
बोटानं चाचपडावी तर सरळ नखाला लागते.
मी बराच वेळ ती चाचपडत बसलो.
चहा गार झाला, त्याची कुरकुर वेगळी.

आता वेल तुळईच्या हुकापर्यंत पोचली आहे,
ज्यावरून पट्टा फिरायचा त्या.
शेवटच्या बॉबिनचं जांभळं सूत उरलं होतं,
त्यानं बांधलीय, सैल.
गाठ दिसते. दिसू दे.
रविवारी ओल्या फडक्यानं पानं पुसतो,
पानाखाली तळहात धरून,
आणि फडक्यावर अजून कापसाची पूस येते.
दोन वर्षं झाली खोली बंद पडून.
वाशांवरून गळतेय कुठूनतरी.

परवा मक्तूम आला, मागांचं लोखंड त्यानंच नेलं होतं.
हुकाकडे बघून म्हणाला, "तो राहिला की.
दीड किलो तरी भरेल."
म्हटलं, त्याला काम आहे.
तो मान वर करून बघत राहिला,
मग हातगाडीवरची एक फुटकी बरणी आणून म्हणाला,
"यात जगेल का?"

कात्री शोधायला उठलो.
पेराच्या खाली, बोटभर सोडून.